सात किलोंची बॅग आणि ताईचा खांदा

ताईचा फोन आला तो खांद्यापायी, बॅगेपायी नव्हे. "उजव्या कुशीवर झोपताच येत नाही रे. आता बॅकपॅक घेऊन टाकू का?" एवढंच तिने विचारलं. ताई म्हणजे माझी मावसबहीण. वय ४६, उंची पाच फूट एक इंच. नोकरी सांभाळून नाटकांच्या तालमी, छोटे समारंभ, शाळांचे कार्यक्रम यांचे फोटो काढते. जाणं-येणं बहुतेक वेळा बसने, आणि उभ्यानेच. कॅमेऱ्याच्या बॅगांवर मी घरात जरा जास्तच बोलतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. आधी डॉक्टरांना दाखव, असं मी सांगितलं आणि तिने ते ऐकलंही. हाडाला काही नाही, स्नायू आखडलाय, एका खांद्यावरचं ओझं कमी करा, असं डॉक्टर म्हणाले. ओझं नेमकं किती, हे ताईला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढच्या अडीच महिन्यांत आम्ही एक बॅग घेतली, परत केली, आणि दुसरी आम्हीच अर्धीमुर्धी जुळवली. परत करावी लागलेली बॅग मी निवडली होती, हे आधीच सांगून ठेवतो.

काट्यावर

एका रविवारी तिच्याकडे गेलो. स्वयंपाकघरातला वजनकाटा पाच किलोंपर्यंतचाच, त्यामुळे बॅग अख्खी ठेवता येईना. मग एकेक वस्तू बाहेर काढून मांडली. हे बरंच झालं. अख्खी बॅग तोलली असती तर एक आकडा हाती लागला असता आणि आम्ही दोघंही "बापरे" म्हणून गप्प बसलो असतो.

कॅमेरा कॅननचा ईओएस ६डी मार्क २. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे बॅटरी आणि कार्डासकट ७६५ ग्रॅम. ताईचा गळ्यातला पट्टा धरून ८२०. त्यावर कायम बसलेली २४-१०५ एफ/४ लेन्स, तिची दुसरी आवृत्ती, कागदावर ७९५ ग्रॅमची, हूड (लेन्सच्या तोंडावरची झालर) आणि टोपण धरून ८५०. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० एफ/४ लेन्स, तिचीही दुसरी आवृत्ती, कागदावर ७८०, काट्यावर सगळ्यासकट ८७०. ५० एमएमची छोटी लेन्स १८०. चार सेल घातलेला फ्लॅश त्याच्या पाऊचसकट ४३०. दोन जादा बॅटऱ्या १६०, चार्जर १२०. धूळ उडवायचा ब्लोअर, पुसायची कापडं, कार्डांची डबी, पावसाचं कव्हर असं फुटकळ २९०. बेरीज ३ किलो ७२० ग्रॅम.

मग ताईचं स्वतःचं सामान निघालं. पाण्याची भरलेली बाटली ६४०. छत्री ३१०. पॉवर बँक ३५०. डायरी, पाकीट, चष्म्याचं घर, किल्ल्या मिळून ४८०. तळाशी तीन पेनं, एका जुन्या नाटकाची चुरगळलेली पत्रिका आणि कुठल्या तरी दुसऱ्याच कॅमेऱ्याचं टोपण. ते टोपण हातात घेऊन ताई बराच वेळ बघत राहिली. "हे माझं नाहीच," म्हणाली, आणि पुन्हा बॅगेतच टाकायला निघाली होती.

शेवटी रिकामी बॅग काट्यावर ठेवली. १ किलो ६५० ग्रॅम.

एकूण झालं ७ किलो १५० ग्रॅम. त्यात कॅमेऱ्याचं सामान पावणेचार किलोही नाही. उरलेलं जवळजवळ निम्मं वजन बॅगेचं आणि बाटली-छत्री-पॉवर बँकेसारख्या सामानाचं. इतकी वर्षं ताई म्हणत आली की "कॅमेरा जड आहे". कॅमेरा आणि त्यावरची लेन्स मिळून एकूण वजनाच्या पावपटीहून कमी होती.

ही आकडेमोड कुणालाही अर्ध्या तासात करता येते आणि तरी फारसं कुणी करत नाही. बॅग विकणारे तिचं वजन बारीक अक्षरात लिहितात आणि लिटर ठळक अक्षरात. लिटर वाचून आपल्याला वाटतं, जागा असलेली बरी. पण कॅमेऱ्याच्या बॅगेतली जागा रिकामी राहत नाही. पॉवर बँक आणि छत्री तिथूनच आत शिरतात.

सहा वेळांची नोंद

मी लगेच बॅगा सुचवायला बसणार होतो. ताईनेच थांबवलं. "आधी बघू की मी काय काय वापरते ते." कल्पना तिची. फोनवर एक टिपण ठेवायचं, घरी आल्यावर त्या दिवशी बॅगेतून प्रत्यक्ष काय बाहेर आलं ते लिहायचं. तीन आठवड्यांत सहा कामं झाली.

२४-१०५ सहाही वेळा. ७०-२०० पाच वेळा. मी मनातल्या मनात तिलाच आधी घरी बसवली होती, तो अंदाज साफ चुकला. ५० एमएम तीनदा, तालमीतल्या अंधुक उजेडात. फ्लॅश एकदा, समारंभात. जादा बॅटरी एकदा. चार्जर एकदाही नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण चार तासांच्या कामात भिंतीला चार्जर लावून कोण बसणार? दोन जादा बॅटऱ्या असताना तर नाहीच. ब्लोअर शून्य. पाणी सहाही वेळा, छत्री दोनदा, पॉवर बँक शून्य.

पॉवर बँकेवर आमचा थोडा वाद झाला. "लागली तर?" हा ताईचा प्रश्न. या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणूनच तो इतका जड असतो. फोन घरून पूर्ण चार्ज करून निघायचं आणि दोन कामांपुरती पॉवर बँक घरी ठेवून बघायचं, यावर मिटलं.

हात आत कसा जातो

चौथ्या कामाला मी तिच्याबरोबर गेलो. तालीम होती. मी कोपऱ्यात बसून फक्त बॅगेकडे बघत होतो, आणि जे वजनकाट्याला कळलं नव्हतं ते तिथे दिसलं.

जुनी बॅग म्हणजे आतून ३६ सेंटिमीटर लांब, २० खोल, २५ उंच असा ताठ चौकोनी डबा, चारी बाजूंनी जाड फोम. वरचं झाकण तीन बाजूंनी चेनने बंद होणारं. अशी चेन एका हाताने उघडत नाही. एका हाताने बॅग धरावी लागते, दुसऱ्याने चेन ओढावी लागते. हातात कॅमेरा असेल तर तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ताई चेन लावतच नव्हती. झाकण नुसतं वर टेकवलेलं. जिने चढताना, वाकताना ते उघडं. मागे एकदा जिन्यावर ५० एमएमची लेन्स अशीच बाहेर घरंगळली होती, दोन पायऱ्या गेली होती. हे तिने मला त्या तालमीच्या दिवशी सांगितलं. लेन्स वाचली, पण फोकसच्या चकतीचा आवाज मात्र तेव्हापासून बदललाय. महागड्या फोमची सगळी भिंत त्या न लावलेल्या चेनपुढे फुकट होती.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. ताई बॅग उजव्या खांद्यावर सरळ अडकवते, डोक्यातून आडवी घालत नाही. खांद्याला उतार असतो. पट्टा घसरू नये म्हणून माणूस तो खांदा नकळत वर उचलून धरतो, आणि तासन्‌तास धरून ठेवतो. दुखणं बरंचसं तिथलं. कारण वजन नुसतं टांगलेलं नसतं. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू ते सतत धरून उभा असतो. तोच पट्टा डोक्यातून आडवा घातला तर घसरायचा प्रश्न मिटतो. वजन तेवढंच राहतं, पण खांद्याला पहारा द्यावा लागत नाही.

तिसरी गोष्ट खोलीची. बॅग आतून २० सेंटिमीटर खोल, बाहेरून २३. म्हणजे तिचा भारमध्य अंगापासून साडेअकरा सेंटिमीटर लांब. पाण्याची बादली अंगाला चिकटवून न्या आणि मग हात लांब करून न्या. फरक लगेच कळतो. शिवाय गर्दीच्या बसमध्ये हा डबा मागच्या माणसाच्या पोटात. तो माणूस ढकलणार, डबा फिरणार, पट्टा मानेशी पिळवटणार. बॅग निवडताना लांबी-उंचीकडे सगळे बघतात. अंगापासून ती किती पुढे येते, हा तिसरा आकडा मला आता सगळ्यात आधी विचारावासा वाटतो.

आणि मग तो आवाज. पुढच्या खिशाला वेल्क्रो होतं. रंगमंचावर एक शांत प्रसंग चाललेला, नटी पाठमोरी उभी, आणि ताईने कार्डासाठी खिसा उघडला. खर्रर्र! दिग्दर्शकाने मान वळवली. बोलले काही नाहीत. ताईचे कान लाल झालेले मला कोपऱ्यातून दिसले. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या गोखरूंसारख्या बोंडांवरून वेल्क्रो सुचलं, ही गोष्ट सगळीकडे कौतुकाने सांगितली जाते. त्यांनी तालमीत फोटो काढले नसावेत.

बॅकपॅक का नाही

हा तिचा मूळ प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता. वजन दोन खांद्यांवर आणि कंबरेच्या पट्ट्यामुळे कंबरेवर वाटायचं तर बॅकपॅकला तोड नाही. सात किलो खरोखरच रोज लागत असते, तर मी दुसरा विचार केला नसता. पण तालमीत ताई तासाभरात सात-आठ वेळा लेन्स बदलते, बहुतेक वेळा उभ्याने, अंधारात, खुर्च्यांच्या ओळीत. प्रत्येक वेळी पाठीवरून बॅग उतरवा, खाली ठेवा, उघडा. दोनदा करेल, तिसऱ्यांदा ती बॅग खुर्चीवर उघडी टाकून फिरेल. मग बॅग एकीकडे आणि फोटोग्राफर दुसरीकडे. पाठीवरून एका बाजूने पुढे ओढायच्या स्लिंग बॅगाही आम्ही बघितल्या. त्यातल्या लहानांत ७०-२०० बसेना आणि मोठ्या पुढे ओढल्या की उशीसारख्या पोटावर येत.

तर खांद्याचीच बॅग, पण पातळ, हलकी आणि एका हाताने उघडणारी. आणि ओझं चार किलोंच्या आसपास. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. ताईने एका पिशवीत पुस्तकं भरून, ती आडवी घालून घरात तासभर कामं केली. पाच किलोंना नको म्हणाली, चारला हो म्हणाली.

माप आधी, बॅग मागाहून

पट्टी घेऊन बसलो. ६डी मार्क २ चं अंग १४४ मिलिमीटर रुंद, ११०.५ उंच. त्यावर ११८ मिलिमीटरची २४-१०५ लावून, कॅमेऱ्याच्या पाठीपासून लेन्सच्या टोपणापर्यंत जवळजवळ १९ सेंटिमीटर. कॅमेरा बॅगेत कसा ठेवायचा यावर माझं ठाम मत आहे: लेन्स लावलेली, तोंड खाली, मूठ वर. हात आत गेला की मूठच हाताला लागली पाहिजे. लेन्स काढून कॅमेरा वेगळा आणि लेन्स वेगळी ठेवली की बॅग बुटकी चालते हे खरं, पण मग पहिला फोटो घ्यायला अर्धं मिनिट लागतं, आणि उघडा सेन्सर धूळ खातो ते वेगळंच.

म्हणजे आतली उंची किमान २१ सेंटिमीटर. ७०-२०० ची लांबी १७६ मिलिमीटर. दोन्ही टोपणं आणि उलटा बसवलेला हूड धरून ती पण याच उंचीत उभी राहते. आतली खोली १२ पुरे, कारण कॅमेऱ्याची उंची ११. लांबीत कॅमेऱ्याला १५, मोठ्या लेन्सला १०, उरलेल्या ८ सेंटिमीटरांत खाली ५० एमएम आणि वर एखादी चपटी वस्तू. ३३ बाय १२ बाय २१. हिशेब केला तर सव्वाआठ लिटरांच्या आसपास. जुनी बॅग १८ लिटरांची होती.

इथे एक खोच आहे. बॅगेवर छापलेलं माप बरेचदा बाहेरचं असतं. दोन्ही बाजूंचा फोम वजा केला की तीन-चार सेंटिमीटर सहज उडतात, आणि ११ सेंटिमीटर उंचीच्या कॅमेऱ्याला ९ सेंटिमीटर खोलीची बॅग मिळते. आतलं माप दिलं नसेल तर स्वतःचं सामान घेऊन जावं आणि भरून बघावं.

माझी निवड, माझी चूक

माझ्या डोक्यात एक नमुना आधीपासून पक्का बसलेला होता. फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वर्तमानपत्राचे छायाचित्रकार जिम डोम्के यांनी १९७० च्या दशकात कामासाठी स्वतःच एक बॅग बेतली. साधं सुती कॅनव्हास, भिंतींना फोम जवळजवळ नाहीच, आत मधोमध फक्त लेन्सच्या कप्प्यांची जोडणी. ताठ डब्याऐवजी मऊ पिशवी, अंगाला लपेटून बसणारी. पट्टा पाच सेंटिमीटर रुंद आणि त्यात रबराचे धागे विणलेले, घसरू नये म्हणून. वृत्तपत्रांतल्या छायाचित्रकारांच्या खांद्यावर ती वर्षानुवर्षं दिसली. ब्रिटनमधल्या बिलिंगहॅमची गोष्ट तर आणखी गमतीची: १९७३ पासून ते मासेमारीच्या पिशव्या बनवत होते, त्या फोटोग्राफरच विकत घेतायत असं पुढे लक्षात आलं, आणि त्यांनी धंद्याचा मोहरा वळवला. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर असलेलं त्यांचं कॅनव्हास पावसात आत पाणी येऊ देत नाही.

या परंपरेतली, पण एका वेगळ्याच कंपनीची मऊ कॅनव्हासची बॅग मी ताईला घ्यायला लावली. वजन १ किलोच्या आत. खोली १२. झाकण एका क्लिपवर, एका हाताने उघडणारं. सामान छान बसलं. घरात उभं राहून बघितलं, सुंदर दिसली.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिचा फोन. "अरे, ही माझ्या मांडीवर आपटते. प्रत्येक पावलाला!"

पट्टा. तो जास्तीत जास्त किती लांब होतो हे मी बघितलं होतं. कमीत कमी किती होतो हे बघितलंच नव्हतं. माझी उंची पाच फूट नऊ. सगळ्यात आखूड केला तरी तो १०५ सेंटिमीटर राहत होता. ताईला आडवा घालून बॅग कंबरेच्या हाडावर यायला हवी तर ९२ लागतात. तेरा सेंटिमीटरांच्या फरकाने बॅग मांडीवर आली, आणि चालताना मांडी तिला दर पावलाला पुढे ढकलू लागली. मऊ बॅगेचा तळही मऊ. त्या हेलकाव्यांत कप्पे पाडणारे आतले पडदे कलले आणि तासाभराने ७०-२०० आडवी होऊन ५० एमएमवर झोपली होती. पट्टा कापून शिवायचा तर तो थेट बॅगेच्या तळाखालून आलेला एकसंध पट्टा, कापणार कुठे? बॅग परत केली.

ताई काही बोलली नाही. "तुझ्या मापाची होती ती," एवढंच म्हणाली, आणि ते पुरेसं लागलं.

यात माझी सवय आड आली. मी जी बॅग स्वतःसाठी घेतली असती तिच्याकडेच मी आकडे वळवत नेले. काट्यावर तोललं ते सामान, पट्टीने मोजला तो कॅमेरा. जिच्या खांद्यावर ते जाणार होतं तिला टेप लावायचं राहून गेलं.

दुसरी बॅग

या वेळी टेप आधी ताईला लावला. डाव्या खांद्यावरून आडवा घेऊन उजव्या कंबरेपर्यंत, पुढून-मागून, ९२. पट्टा बॅगेपासून सुटणारा हवा, म्हणजे दोन्ही टोकांना कड्या आणि हुक, हे आम्ही पहिलंच लिहिलं. नुसत्या सुटणाऱ्या पट्ट्याने एवढं साधतं की पट्टा चुकला तर पट्टाच बदलता येतो.

मग ताई म्हणाली, "कॅमेऱ्याचीच बॅग कशाला हवी?" आणि आपल्या कपाटातून ऑफिसला नेण्याची एक जुनी नायलॉनची झाकणवाली बॅग काढून आणली. वजन ७०० ग्रॅम. आत काहीच नाही, नुसती पोकळी, खोली १५. आम्ही वेगळा विकत मिळणारा फोमचा आतला डबा, म्हणजे इन्सर्ट, मापाने बघून घेतला: २५० ग्रॅम, पडदे हलवता येणारे, तळ ताठ. तो तळ महत्त्वाचा. पडदे कलण्याचा प्रश्न तळ ताठ असला की निम्मा सुटतो. इन्सर्ट सरकवल्यावर आतली खोली १२ उरली आणि बाहेरची साधारण १५ राहिली, म्हणजे भारमध्य अंगापासून साडेसात सेंटिमीटरांवर. जुन्या डब्यापेक्षा चार सेंटिमीटर जवळ. कागदावर चार काय ते, पण बसमध्ये उभं राहिल्यावर कळतात.

त्या बॅगेचा पट्टा ३८ मिलिमीटरचा होता. तो काढून ५० मिलिमीटरचा लावला; तेच वजन सुमारे एक तृतीयांश जास्त जागेवर पसरतं. नवा पट्टाही लांबच होता, पण हा साधा, मध्ये बकल असलेला. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून एका टोकाने कापून दुहेरी टीप घालून घेतला. ताणणारा रबरी पट्टा ताईला दुकानात मऊ वाटला होता. मी नको म्हटलं, आणि या एका बाबतीत माझं बरोबर निघालं असावं: तसा पट्टा उभ्याने सुखाचा वाटतो, चालताना बॅग त्यावर उड्या मारते.

झाकणाला वेल्क्रोच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांचं काय करायचं? काही कंपन्या वेल्क्रो झाकून टाकायची सोय बॅगेतच शिवून देतात. आम्ही वेल्क्रोची मऊ बाजू वेगळी आणली आणि खरखरीत बाजूवर चिकटवून टाकली. आवाज बंद. झाकण आता एका चुंबकाच्या बटणावर बसतं. चुंबकाने मेमरी कार्ड पुसलं जाईल अशी ताईला भीती होती. एसडी कार्डातली साठवण चुंबकीय नसते, त्याला काही होत नाही. बँकेच्या कार्डाची काळी पट्टी मात्र चुंबकीय, म्हणून पाकीट त्या बटणापासून लांबच्या खिशात.

वरून चेन नाही, आणि ते मला थोडं खटकतं. गर्दीत कुणी हात घातला तर? आडवी घातलेली बॅग पुढे घेऊन कोपर झाकणावर ठेवायची, असं ठरलं. पावसाचीही पूर्ण खात्री नाही. नायलॉनला आतून लावलेला पॉलियुरेथेनचा थर जुना झाला की चिकट होऊन सुटायला लागतो, आणि ही बॅग जुनीच आहे. पावसाचं कव्हर म्हणून ठेवावंच लागलं.

सामानाची नवी यादी: कॅमेरा ८२०, तीन लेन्स मिळून १९००, बॅटऱ्या १६०, फुटकळ १५०. ३ किलो ३० ग्रॅम. बॅग आणि इन्सर्ट ९५०. पाकीट, चष्मा, किल्ल्या २५०. खांद्यावर एकूण ४ किलो २३०. पाणी, छत्री आणि डायरी एका हलक्या कापडी पिशवीत, दुसऱ्या हातात. या दुसऱ्या पिशवीला ताईचा कडाडून विरोध होता. "दोन पिशव्या म्हणजे एक कुठेतरी विसरणार." खरं आहे. म्हणून असं ठरवलं की जे विसरलं तरी चालेल तेच त्या पिशवीत. दुसऱ्याच आठवड्यात छत्री विसरली.

कामावर नेण्याआधी या जोडणीची आम्ही घरातच परीक्षा घेतली. दिवे घालवून ताईला एका हाताने लेन्स बदलायला लावली. उभ्याने लेन्स बदलताना रिकाम्या कप्प्यात आधी जुनी लेन्स जाते की आधी नवी निघते? तिच्या हातात तर दोन्ही एकदमच असायच्या. म्हणजे एक कप्पा कायम रिकामा हवा. आम्ही तो ठेवलाच नव्हता. मग ५० एमएमचा आणि चपट्या वस्तूंचा कप्पा पडदा हलवून मोकळा केला, ५० एमएम पुढच्या खिशात गेली, इन्सर्टच्या बाहेर, मोज्यात गुंडाळून. मोजा ही ताईची शक्कल. छोट्या लेन्सला एवढं पुरतं.

मग बॅग घालून खाली वाकली, बुटाची नाडी बांधली. बॅग पुढे आली पण झाकण उघडलं नाही. जिना उतरली. खुर्चीवर बसून बॅग मांडीवर घेतली, जमिनीवर ठेवली. जमिनीवर ठेवल्यावर बॅग उभी राहते की आडवी पडते, हे तेव्हा फार किरकोळ वाटतं आणि पहिल्या समारंभात कळतं. ही उभी राहते, इन्सर्टमुळे.

चार महिन्यांनी

खांदा बरा आहे म्हणते. त्यात बॅगेचा वाटा किती आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. व्यायाम ती नेमाने करते आणि बॅग आता एक दिवस डाव्या बाजूने, एक दिवस उजव्या बाजूने घालते. जुनी साडेसोळाशे ग्रॅमची बॅग तिने टाकलेली नाही. त्यात ती न लागणारं सामान ठेवणार होती, तेवढं मी अडवलं. फोमच्या बंद बॅगेत ओल धरते, हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी चढायला लागते, आणि लेन्स त्यात महिनोन्‌महिने पडून राहिली तर मग पुसून निघत नाही. घरी आल्यावर लेन्स बाहेर, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. नवी बॅगही रात्री उघडी ठेवायची.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो. सहज काटा काढला. ४ किलो ९८० ग्रॅम.

"पॉवर बँक," मी म्हटलं.

"फक्त पॉवर बँक नाही," ताई म्हणाली आणि पुढचा खिसा उघडला. ब्लोअर परत आला होता. एक छोटी डायरी. तीन पेनं. आणि ते टोपण, कुठल्या तरी दुसऱ्याच कॅमेऱ्याचं.

पुढच्या महिन्यात तिला एक समारंभ आहे, म्हणजे फ्लॅश न्यावाच लागणार. इन्सर्टमध्ये रिकामा ठेवलेला कप्पा त्याला द्यायला ती तयार नाही, आणि पुढच्या खिशात ठेवला की त्याचं डोकं नेमकं कंबरेच्या हाडावर टेकतं. त्यावर अजून काही सुचलेलं नाही. सध्या तो मोज्यात घालून बघतेय.